राज्यशास्त्र मेजर घेताय? गाइडमधली एक ओळ धरा आणि गावापर्यंत जा

बारावीनंतर राज्यशास्त्र घेतलं तेव्हा घरून एकच प्रश्न आला, "एमपीएससी करायचीय का?" मी हो म्हणाले, कारण त्या उत्तरानं सगळ्यांचं समाधान होतं. तुम्हीही बहुधा हेच सांगाल, आणि त्यात खोटं काही नाही. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत 'राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध' हा वैकल्पिक विषय आहे, प्रत्येकी 250 गुणांचे 2 पेपर. पुढे वकिली, पत्रकारिता, नेट-सेट करून प्राध्यापकी हे रस्तेही आहेत. पण केवळ परीक्षेवर डोळा ठेवून तीन वर्षं काढलीत, तर पदवी मिळेल आणि विषय राहून जाईल. मी आता एमए करतेय. पहिल्या वर्षी मला कुणी सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते.

जून 2022 मध्ये शिवसेना फुटली, सरकार गेलं. आमचं एसवाय सुरू झालं तेव्हा वर्गात सरळ दोन तट होते. गद्दार कोण, खरा पक्ष कुणाचा, सगळ्यांचे आवाज चढलेले. मॅडमनी अर्धा तास बोलू दिलं आणि मग संविधानाच्या दहाव्या अनुसूचीच्या, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याच्या, झेरॉक्स वाटल्या. म्हणाल्या, "एक तृतीयांश आमदार फुटले तर चालतं, असं आत्ता तिघांनी सांगितलं. ते यात कुठे आहे, दाखवा." कुणालाच दाखवता येईना. 1985 च्या 52व्या घटनादुरुस्तीनं ती सवलत दिली होती. 2003 च्या 91व्या दुरुस्तीनं ती काढून टाकली. उरलं ते विलीनीकरण, म्हणजे दोन तृतीयांश आमदारांच्या संमतीनं दुसऱ्या पक्षात मिसळून जाणं. पुढे 11 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल आला. बहुमत चाचणी बोलवण्याचा राज्यपालांचा निर्णय समर्थनीय नव्हता, पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे आधीचं सरकार पुन्हा आणता येत नाही, असं त्यात होतं. दोन्ही तटांना त्या निकालात आपल्या सोयीचं आणि गैरसोयीचं, दोन्ही सापडलं. कट्ट्यावरचं राजकारण आणि वर्गातलं राज्यशास्त्र यांतला फरक मला त्या झेरॉक्समुळे कळला. तुमचं राजकीय मत असेलच, असावंही. फक्त बोलण्याआधी मूळ कागद वाचलेला असावा.

शब्दांचं एक सांगते, कारण मराठी माध्यमातली मुलं इथेच अडखळतात. आपण महाराष्ट्रालाही 'राज्य' म्हणतो आणि हॉब्ज-लॉक या इंग्रज विचारवंतांच्या धड्यातल्या 'स्टेट'लाही राज्यच म्हणतो. मी पहिलं सत्र अर्धं याच गोंधळात घालवलं. दुसऱ्या अर्थानं 'राज्यसंस्था' लिहायला लागले तेव्हा धडे उलगडले. तसंच सत्ता आणि अधिमान्यता. गावगुंडाकडे सत्ता असते, लोक घाबरून ऐकतातही. पण त्याला आदेश द्यायचा हक्क आहे असं कुणी मानत नाही. हक्क आहे असं लोकांनी मानणं, ती अधिमान्यता. अशा शब्दांची एक वही करा आणि प्रत्येक शब्दापुढे आपल्या गावातलं उदाहरण लिहा. इंग्रजी पुस्तकं वाचताना मला डिक्शनरीपेक्षा ही वही जास्त उपयोगी पडली.

आता गाइडबद्दल. गाइड वापरू नका असं मी सांगणार नाही, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सगळेच वापरतात. पण त्यातली एखादी ओळ धरून तिचा शेवटपर्यंत माग काढा. माझी ओळ होती, 'कलम 40: राज्य ग्रामपंचायतींचे संघटन करील.' दोन गुणांची ओळ. टीवायच्या प्रकल्पासाठी मी संविधान सभेच्या चर्चा उघडल्या. त्या संसदेच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. 4 नोव्हेंबर 1948 च्या भाषणात डॉ. आंबेडकर गावाला संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा म्हणतात, आणि संविधानाच्या मसुद्यानं गावाऐवजी व्यक्तीला एकक मानलं याचा आनंद व्यक्त करतात. सभासद दुखावले. 22 नोव्हेंबरला सभेचे सदस्य के. संथानम यांनी पंचायतींचं कलम घालणारी दुरुस्ती मांडली आणि आंबेडकरांनी ती स्वीकारली. माझ्या दोन गुणांच्या ओळीमागे एवढं भांडण होतं! पुढे 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली, तेव्हा ग्रामसभेला संविधानात जागा मिळाली.

मग मी 15 ऑगस्टला आमच्याच गावच्या ग्रामसभेला गेले, आयुष्यात पहिल्यांदा. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी, टेबलावर रजिस्टर. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल तेवढी माणसं लागतात. आमच्या गावाला 100 लागत होती. सह्या झाल्या 43. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे पुढच्या आठवड्यात वीसेक माणसांत सगळे ठराव मंजूर झाले.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. ती कधी झाली म्हणून रजिस्टर चाळलं तर त्यात माझ्या काकूची सही. घरी येऊन विचारलं तर म्हणाली, "शिपाई आला होता गं, मी भाकऱ्या थापत होते. पदराला हात पुसला आन् केली सही." कशावर केली हे तिला माहीत नव्हतं. त्या पानावर सहीशेजारी पिठाचा पुसट डाग अजून होता. आंबेडकरांचं ते भाषण मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. संथानम यांची दुरुस्ती का हवी होती, ते कळलं पुढे. 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधी मी काकूला सांगून ठेवलं आणि ती तिघींना घेऊन सभेला गेली. वाडीच्या रस्त्यावर दिवा नाही, हे तिनं उभं राहून सांगितलं आणि ते लिहून घेईपर्यंत खाली बसली नाही.

तुम्ही जाल तेव्हा वेळेवर जा. पहिला विषय नेहमी 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा असतो आणि तो दोन मिनिटांत उरकतात. तेवढी दोन मिनिटं कान देऊन ऐका. मागच्या सभेला हजर असाल, तर तिथे जे बोललं गेलं ते कागदावर आलंय का, हे आपण तेव्हा टिपून घेतलेली वही उघडून ताडून बघा.