नाईट ऑफ पेंटॅकल्स : थांबलेल्या घोड्याचं कार्ड मी कसं शिकले

टॅरो, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून प्रश्नांचा अर्थ लावायची पद्धत, शिकायला लागलं की बहुतेकांची गाडी कोर्ट कार्ड्सपाशी अडते, माझीही अडली. मेजर अर्कानाची, म्हणजे मुख्य चित्रांची, २२ कार्डं गोष्टीसारखी डोक्यात राहतात, पण कोर्ट कार्डांवरची ही १६ माणसं, पेज, नाईट (घोडेस्वार), क्वीन, किंग आणि त्यांचे चार सूट म्हणजे रंग, स्वॉर्ड्स (तलवारी), वाँड्स (काठ्या), कप्स (पेले) आणि पेंटॅकल्स (चांदणी असलेली नाणी), एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं अशी वाटतात. मग मी काय केलं, तर वहीत अर्थ लिहून पाठ केले. नाईट ऑफ पेंटॅकल्स म्हणजे मेहनती, जबाबदार, स्लो, संपलं. तेवढ्या भांडवलावर एका मैत्रिणीचं रीडिंग केलं, म्हणजे तिच्या प्रश्नावर कार्ड काढून सांगितलं. ती एमपीएससीचा तिसरा अटेम्प्ट देणार होती, विचारलं यंदा तरी होईल का, आणि नेमकं हेच कार्ड आलं. मी म्हटलं, उशीर लागेल गं. तिचा चेहरा एवढासा झाला. ते मला अजून लागतं, कारण मी तिला कार्ड सांगितलंच नव्हतं, वहीतला एक शब्द सांगितला होता.

त्या रात्री चारही नाईट शेजारी शेजारी मांडले, आणि नवीन शिकणाऱ्यांनी पुस्तक उघडायच्या आधी हेच करावं असं मी अगदी कळकळीने सांगेन. स्वॉर्ड्सचा घोडा सुसाट सुटलाय, वाँड्सचा पुढचे पाय उचलून उभा राहिलाय, कप्सचा संथ पावलं टाकतोय, आणि पेंटॅकल्सचा काळा, जाडजूड घोडा चारही पाय रोवून उभा आहे. चौघांत थांबलेला हा एकटाच. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पाठ करायला लागतच नाही.

आता जवळून बघा. मागे नांगरलेलं शेत आहे, तास सरळ ओढलेले, पीक अजून कुठेच नाही. स्वाराच्या शिरस्त्राणावर हिरव्या पानांची डहाळी, तशीच घोड्याच्या डोक्यावरही. हातात पेंटॅकल समोर धरलंय पण त्याची नजर त्यावर नाही, ती पलीकडे लांब गेलीय. मला हीच खूण सगळ्यात मोठी वाटते, कारण हातातलं नाणं मोजत बसणारा हा माणूस नाही, ते सांभाळून पुढच्या कामाकडे बघणारा आहे. कार्ड उलटं आलं तर तोच थांबलेला घोडा आळस होतो, साचलेपण होतं, आणि आजूबाजूची कार्डं बघूनच दोन्हीतलं काय ते ठरवायचं.

ही चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची, डेक, म्हणजे पत्त्यांचा हा संच, १९०९ साली लंडनमध्ये निघाला, कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची. कार्डावर बारीक सही दिसते ती तिचीच, आणि बरीच वर्षं डेकच्या नावात मात्र तिचं नाव नव्हतं, म्हणून मी आवर्जून राइडर-वेट-स्मिथ (राइडर म्हणजे प्रकाशक) असंच म्हणते. मूळ टॅरो हा १५ व्या शतकातला इटलीतला पत्त्यांचा खेळ, भविष्यबिविष्य बरंच नंतर आलं. आपल्या पत्त्यांत गुलाम, राणी, राजा असे तीनच असतात, टॅरोत मध्ये घोडेस्वार जास्तीचा, म्हणून सूटमध्ये १३ ऐवजी १४ कार्डं. जुन्या इटालियन पत्त्यांत पेंटॅकल्सच्या जागी नाणी होती, त्यामुळे पैसा, काम, शरीर, जमीन हे सगळं या सूटकडे.

आणखी एक, कोर्ट कार्ड आलं की लगेच "उंच सावळा माणूस भेटेल" वगैरे सांगू नका. कधी तो खरंच कोणी माणूस असतो, कधी विचारणाऱ्याचाच स्वभाव, कधी नुसती काम करायची पद्धत. आणि परीक्षेचा निकाल तर कुठल्याच कार्डावरून सांगू नये, समोरचा माणूस आधीच टांगणीला लागलेला असतो.

काही महिन्यांनी मैत्रीण परत आली तेव्हा मी मुद्दाम तेच कार्ड काढून तिच्या हातात दिलं, आणि काही न सांगता विचारलं की तुला काय दिसतंय. तिच्या घरी शेती आहे. बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, "नांगरून झालंय, पेरणी राहिलीय." आणि आपणहूनच सांगायला लागली, की वाचन दोनदा झालंय पण उत्तरं लिहायची प्रॅक्टिस अजून एकदाही केली नाहीये.