बॅलँचिन यांचे बॅले कसे पाहावेत

आपल्या नृत्यपरंपरेवर पोसलेली नजर रंगमंचावर आधी कथा शोधते. पडदा वर गेला की हा कोण, ती कोण, दोघांचे काय बिनसले आहे, हे आपण नकळत विचारू लागतो. विसाव्या शतकातले नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलँचिन यांच्या बहुतेक बॅलेंसमोर हे प्रश्न घेऊन बसलेला प्रेक्षक ‘सुंदर आहे, पण कळले नाही’ असे म्हणून उठतो, आणि सुरुवातीला माझेही तसेच झाले होते. खरे तर या कुलुपाची किल्ली आपल्याच घरात आहे. नृत्त, म्हणजे कथा-भावाविना केवळ लय आणि हालचाल, आणि नृत्य, म्हणजे भाव व्यक्त करणारे नाचणे, यांतला भेद आपल्याकडे शास्त्रानेच केलेला आहे. कथकमधले तोडे-तुकडे पाहताना आपण त्यांची गोष्ट विचारत नाही, तर नर्तकी समेवर कशी येते याकडे डोळे लावून बसतो. बॅलँचिन यांचे काम बहुतांशी नृत्त आहे असे धरून चालावे आणि ते पाहण्याची सुरुवात कानापासून करावी.

म्हणून पहिल्या दिवशी काहीही पाहू नये, फक्त ऐकावे. त्यासाठी रशियन संगीतकार चायकोव्हस्की यांनी 1880 मध्ये तंतुवाद्यांसाठी रचलेली ‘सेरेनेड’ ही सर्वांत योग्य. तिचे चार भाग आहेत. वॉल्ट्झ हा तीन मात्रांचा नृत्यभाग कुठे सुरू होतो, संथ शोकगीताचा भाग कुठे येतो आणि शेवटी रशियन लोकधून कशी उसळते, हे न पाहता सांगता येईपर्यंत ती दोन-चार वेळा ऐकावी. हा आग्रह धरण्यामागे कारण आहे. बॅलँचिन संगीतकाराच्या घरात वाढले. 1904 मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्यांचा जन्म झाला. वडील मेलितोन बालांचिवाद्झे हे जॉर्जियन संगीतकार होते आणि धाकटा भाऊ आंद्रियाही पुढे संगीतकारच झाला. शाही नाट्यशाळेत नृत्याचे शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी पेट्रोग्राडच्या (सेंट पीटर्सबर्गचेच तेव्हाचे नाव) संगीत विद्यालयात पियानो आणि संगीतशास्त्राचा अभ्यास केला, आणि पुढे आयुष्यभर एखादी रचना हाती घेण्याआधी वाद्यवृंदाची संपूर्ण स्वरलिपी ते स्वतः पियानोसाठी उतरवून काढत. संगीताची वीट न् वीट हातांतून गेलेला असा माणूस तालमीच्या खोलीत शिरत असे. त्यांच्या नृत्यात संगीत पाठीमागे वाजत नसते. नृत्य त्याच्या पोटातून बाहेर येते.

दुसऱ्या दिवशी त्याच संगीतावरचा ‘सेरेनेड’ हा बॅले पाहावा. पडदा उघडतो तेव्हा सतरा तरुणी फिकट निळ्या प्रकाशात निश्चल उभ्या असतात, प्रत्येकीचा उजवा हात वर उचललेला, जणू दूरवरचा उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून. मग मनगटे झुकतात, हात कपाळाजवळून छातीशी येतात, आणि एका क्षणी चौतीस पावले एकदम बाहेरच्या बाजूला वळतात. पावले बाहेर वळवून उभे राहणे ही बॅलेच्या शिक्षणातली पहिली अवस्था आहे, म्हणजे आपल्याकडे मुळाक्षरे गिरवण्यासारखी. आपल्या डोळ्यांसमोर सतरा मुली नर्तकी होतात. या क्षणाला मी अनेकदा थांबून मागे गेलो आहे, आपणही जावे.

हे दृश्य असे का आहे, ते समजायला त्यांच्या आयुष्यातली दहा वर्षे ठाऊक असायला हवीत. 1924 मध्ये एका लहान नृत्यपथकाबरोबर ते सोव्हिएत रशियातून बाहेर पडले आणि सर्गेई द्यागिलेव्ह यांच्या ‘बॅले रूस’ या कंपनीत नृत्यरचनाकार झाले. 1928 मध्ये स्ट्राविन्स्की यांच्या संगीतावर त्यांचा ‘अपोलो’ हा बॅले झाला. सगळेच वापरले पाहिजे असे नाही, गाळताही येते, हे या संगीताने आपल्याला शिकवले, असे बॅलँचिन पुढे सांगत. 1929 मध्ये द्यागिलेव्ह वारले, कंपनी विखुरली, आणि काही वर्षे त्यांना स्थिर ठिकाण मिळाले नाही. 1933 मध्ये लिंकन कर्स्टीन या तरुण अमेरिकन कलासक्त गृहस्थांनी त्यांना अमेरिकेत येऊन तिथला बॅले उभा करण्याचे निमंत्रण दिले, तेव्हा आधी शाळा हवी, अशी त्यांची अट होती. 1934 च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये ‘स्कूल ऑफ अमेरिकन बॅले’ सुरू झाली, आणि त्याच वसंतात संध्याकाळच्या वर्गात ‘सेरेनेड’ आकार घेऊ लागला.

पहिल्या संध्याकाळी सतरा मुली आल्या होत्या, म्हणून आरंभी सतरा. नंतर कधी नऊ आल्या, कधी सहा. त्या त्या दिवशीचा भाग तेवढ्याच संख्येवर बांधला गेला. एक मुलगी उशिरा आली, तेही रचनेत राहिले; एक पडली आणि रडू लागली, तेही राहिले. बॅले पाहताना हे प्रसंग शोधावेत: सगळ्या जणी पुन्हा आरंभीच्या मांडणीत उभ्या असताना एक जण वाट शोधत, रांगांमधून आपल्या जागेवर येते. पहिला प्रयोग 10 जून 1934 रोजी न्यूयॉर्कजवळ व्हाइट प्लेन्स इथल्या एका खासगी वाड्याच्या आवारात विद्यार्थ्यांनीच केला. आपण आदल्या दिवशी संगीत नीट ऐकले असेल, तर एक गोष्ट इथे आपोआप खटकेल: बॅलँचिन यांनी शेवटचे दोन भाग उलटे केले आहेत, रशियन धून आधी आणि शोकगीत शेवटी. त्यामुळे चायकोव्हस्कींचा उत्साही शेवट नाहीसा होतो आणि एका तरुणीला ताठ उभी उचलून उजेडाच्या दिशेने नेले जात असताना, ती मागे झुकत असताना, पडदा पडतो. कथा सांगितलेली नाही, तरी काहीतरी हरपले आहे हे कळते. इतक्या कमी साधनांत एवढे दुःख उभे राहू शकते, यावर माझा हा बॅले पाहण्यापूर्वी विश्वास नव्हता.

यानंतर बाखच्या दोन व्हायोलिनांच्या डी मायनर कॉन्चेर्टोवर, म्हणजे दोन व्हायोलिने पुढे ठेवून वाद्यवृंदासाठी केलेल्या रचनेवर, 1941 मध्ये रचलेला ‘कॉन्चेर्टो बारोक्को’ घ्यावा. इथे डोळ्यांना एक सोपा गृहपाठ आहे. दोन प्रमुख नर्तकी, दोन व्हायोलिने आणि मागे आठ जणींचा समूह, एवढाच संसार आहे. पहिल्या भागात एक व्हायोलिन पुढे झाले की कोण पुढे येते, दुसऱ्याने तीच ओळ उचलली की कोण ती अंगावर घेते, याचा माग ठेवावा. दुसऱ्या, संथ भागात एकच पुरुष येतो आणि नायिकेला उचलून लांब कमानीसारखे वळण देतो; स्वरांची ओळ जिथे चढून उतरते, तिथेच ती कमान चढते-उतरते. समूहाकडे दुर्लक्ष करू नये. त्या आठ जणी शोभेसाठी नसून वाद्यवृंदाचे काम करीत असतात, आणि अनेकदा सर्वांत गुंतागुंतीची लय त्यांच्याच पायांत असते.

आता शरीराकडे वळावे, कारण बॅलँचिन यांची शैली ओळखायची खूण तिथे आहे. जुन्या रशियन शाळेत वाढूनही त्यांनी तोलाची कल्पना बदलली. कंबर पुढे ढकललेली, नितंब मोकळे सोडलेले, शरीर आपल्या मध्यरेषेबाहेर कललेले आणि तरीही पडत नाही, अशा अवस्था त्यांच्याकडे वारंवार दिसतात. गिरकीच्या आधी नर्तक एक पाय पुढे व एक लांब मागे ठेवून उभा राहतो, तेव्हा मागचा पाय वाकवण्याऐवजी सरळ ठेवलेला असतो, त्यामुळे गिरकी कधी सुटेल याचा अंदाज येत नाही. हाताची बोटे मिटलेली नसतात, एकेक बोट वेगळे दिसते. आणि वेग! पदन्यास इतके जलद आणि स्पष्ट असतात की पहिल्यांदा फक्त गुडघ्याखाली पाहिले तरी चालेल. 1951 मध्ये त्यांनी ‘कॉन्चेर्टो बारोक्को’ आणि ‘द फोर टेंपरामेंट्स’ या आपल्या बॅलेंचे पोशाख काढून टाकून नर्तकांना तालमीच्याच कपड्यांत उभे केले. हालचाल झाकणारे जे काही होते ते दूर झाले.

इथवर आल्यावरच ‘अगोन’ पाहावा. आधी पाहिल्यास तो बंद दरवाजासारखा वाटतो. 1 डिसेंबर 1957 रोजी न्यूयॉर्क सिटी बॅलेने तो सादर केला. ही कंपनी बॅलँचिन आणि कर्स्टीन यांनी 1948 मध्ये उभी केली होती. ‘अगोन’ या ग्रीक शब्दाचा अर्थ स्पर्धा, चुरस. स्ट्राविन्स्की यांचे संगीत सतराव्या शतकातील फ्रेंच नृत्यप्रकारांच्या सांगाड्यावर बांधलेले आहे आणि त्याचा काही भाग बारा स्वरांच्या पद्धतीने, म्हणजे सप्तकातले बाराही स्वर ठरावीक क्रमाने आणि समान मानून, रचला आहे. नर्तकही बाराच, आठ स्त्रिया आणि चार पुरुष. ‘ब्रान्ल गे’ या भागात कॅस्टनेट्स, म्हणजे हातात वाजवायच्या लाकडी चिपळ्यांसारखी वाद्ये, ठेका धरून असतात आणि बाकीची वाद्ये त्या ठेक्याला न जुमानता मात्रा बदलत राहतात. तबल्यावर ठेका चालू असताना लयकारी ऐकायची सवय असलेल्या कानाला हा भाग बहुधा पाश्चात्त्य श्रोत्यापेक्षाही लवकर उलगडतो. हाताने ठेका धरावा आणि नर्तकी त्याला कुठे चुकवते व कुठे भेटते ते पाहावे.

पण ‘अगोन’चे मर्म त्याच्या युगुलनृत्यात आहे. ते डायना अॅडम्स आणि आर्थर मिचेल यांच्यावर बेतले होते: गौरवर्णीय स्त्री आणि कृष्णवर्णीय पुरुष, अमेरिकेच्या दक्षिणेत शाळांतील वर्णविभाजनावरून संघर्ष पेटला होता त्याच वर्षी. पुरुष जमिनीवर आडवा होतो आणि ती एका पायावर उभी राहून केवळ त्याच्या हाताच्या आधाराने तोल सांभाळते. कोण कोणाला सावरत आहे हे ठरवता येत नाही. पुढे 1969 मध्ये मिचेल यांनी ‘डान्स थिएटर ऑफ हार्लेम’ स्थापन केले. आणखी एक गोष्ट मनात ठेवून हे नृत्य पाहावे असे मला वाटते. 1956 मध्ये कोपनहेगन इथे दौऱ्यावर असताना बॅलँचिन यांच्या पत्नी, नर्तकी तनाकील ल क्लेर्क यांना पोलिओ झाला आणि त्या पुन्हा चालू शकल्या नाहीत. त्यांच्या शुश्रूषेसाठी बॅलँचिन जवळपास वर्षभर कंपनीपासून दूर राहिले होते आणि परतल्यावर हे काम झाले. एकाने दुसऱ्याचा पाय हाताने उचलून जागेवर ठेवणे, ही त्या युगुलनृत्यातली हालचाल त्यानंतर मला निव्वळ भूमिती म्हणून पाहता आलेली नाही.

त्यांच्या दृष्टीची दुसरी बाजूही पाहणाऱ्याने झाकू नये. बॅले म्हणजे स्त्री, असे ते म्हणत, आणि मारिया टॉलचीफ, ल क्लेर्क, सुझान फॅरेल या नर्तकींसाठी त्यांनी अनन्यसाधारण भूमिका रचल्या. पण लांब, सडपातळ देहाची त्यांची आवड पुढे अनेक बॅलेशाळांत कठोर मापदंड बनून बसली आणि तिची किंमत कित्येक तरुण शरीरांनी मोजली. रचनांवर प्रेम करतानाही हे मान्य करता येते.

चित्रफीत निवडताना पूर्ण रंगमंच दिसणारी निवडावी. कॅमेरा चेहऱ्यावर गेला की पाय नाहीसे होतात, आणि या रचनांमध्ये मांडणी हाच मजकूर आहे. 1970 च्या दशकात अमेरिकन दूरचित्रवाणीसाठी झालेल्या चित्रणांत बॅलँचिन यांनी कॅमेऱ्याच्या चौकटीसाठी स्वतःच काही बदल केले होते, म्हणून ती रंगमंचावरच्या प्रयोगाशी तंतोतंत जुळली नाहीत तर गोंधळू नये. ‘अपोलो’च्या बाबतीतही तेच: उतारवयात त्यांनी त्यातला अपोलो या देवाच्या जन्माचा प्रवेश आणि शेवटचे आरोहण गाळले, त्यामुळे दोन रूपे पाहायला मिळतात. मला जुने, संपूर्ण रूप अधिक आवडते.

न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी वाचकांना तर हे प्रत्यक्ष पाहता येते. पेन स्टेशनवरून एक क्रमांकाच्या गाडीने सहासष्टाव्या रस्त्यावर उतरले की न्यूयॉर्क सिटी बॅलेचे प्रयोग होतात ते लिंकन सेंटर समोरच आहे. डिसेंबरमध्ये मुलांना घेऊन जायचे असेल तर 1954 मध्ये त्यांनी रचलेला ‘नटक्रॅकर’ निवडावा, त्यात शाळेतील लहान मुलेही नाचतात. पण स्वतःसाठी जाताना एकाच संध्याकाळी तीन छोटे बॅले असलेला कार्यक्रम पाहावा, किंवा 1967 चा ‘ज्यूल्स’, ज्यात फोरे, स्ट्राविन्स्की आणि चायकोव्हस्की यांच्या संगीतावर पाचू, माणिक आणि हिरे अशी तीन निरनिराळी जगे आहेत. तिकीट वरच्या सज्जातले घ्यावे. ते स्वस्त असते, आणि ‘सेरेनेड’मधल्या सतरा जणींच्या रांगा एकमेकींतून कशा निघतात ते तिथूनच दिसते.