संमतिपत्रांच्या अनुवादात येताय? सोप्या विशेषणांना भ्या

औषधचाचण्यांची संमतिपत्रं इंग्रजीतून मराठीत करायच्या कामात नवीन आलेला प्रत्येक जण थ्रॉम्बोसायटोपेनियासारख्या शब्दांना घाबरतो. खुशाल घाबरा, पण त्याने काही बिघडत नाही. असा शब्द दिसला की हात आपोआप कोशाकडे जातो. काम घालवतात ती शाळेत पाठ झालेली विशेषणं, कारण त्यांच्यासाठी कोश कुणीच उघडत नाही.

टेंडर ॲबडोमेन म्हणजे नाजूक पोट नव्हे, दाबल्यावर दुखणारं पोट. कॉन्झर्व्हेटिव्ह ट्रीटमेंट म्हणजे ऑपरेशनशिवायचे उपचार, त्यात जुनाट विचारांचं काही नाही. ग्रॉस हिमॅच्युरिया म्हणजे लघवीतलं रक्त नुसत्या डोळ्यांना दिसतंय. एक्स-रे अनरिमार्केबल आहे म्हणजे पेढे वाटा, दोष सापडलेला नाही. हे एकदा कळलं की कळलं.

खरा खड्डा तिघांचा आहे: अक्यूट, सिव्हिअर, सीरियस. माझ्या एका फाइलचं बॅक ट्रान्सलेशन, म्हणजे तपासणीसाठी मराठीतून पुन्हा इंग्रजीत केलेला अनुवाद, आलं तेव्हा तिन्ही ठिकाणी सिव्हिअर उमटलं होतं. ते करणाऱ्याला मूळ इंग्रजी दाखवत नाहीत, त्यामुळे त्याचा दोष नाही. मराठीतच मी कुठे तीव्र, कुठे गंभीर असं कानाला बरं वाटेल तसं लिहिलं होतं.

आता हे सावकाश वाचा. अक्यूट हा काळाचा शब्द आहे: एकाएकी सुरू झालेला, बहुधा थोडे दिवस टिकणारा. सर्दीसुद्धा अक्यूट असते. सिव्हिअर हा जोराचा शब्द: माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर या पायरीतला. आणि सीरियस हा परिणामाचा. मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात भरती व्हावं लागणं किंवा मुक्काम लांबणं, कायमचं अपंगत्व, बाळात जन्मजात दोष, असं काही घडलं तर ती घटना सीरियस. डोकं फुटेल इतकं दुखलं, पण गोळी घेऊन थांबलं, तर सिव्हिअर, सीरियस नाही. हार्ट ॲटॅक सौम्य होता, पण माणूस भरती झाला, तर माइल्ड असूनही सीरियस. हा फरक आयसीएच या औषधांचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९९४ च्या ई२ए मार्गदर्शक सूचनेतच लिहून ठेवलाय. आपल्याकडच्या औषधचाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार चाचणी करणाऱ्या संशोधकाने सीरियस घटना २४ तासांत वर कळवायची असते. आता संमतिपत्रात सीरियसला 'तीव्र' लिहिलंत, तर भरती झालेली बाई म्हणेल, मला तर फार दुखलं नव्हतं, कशाला सांगू? आणि सिव्हिअर डोकेदुखीला 'गंभीर' केलंत तर वाचणारा सहीच करणार नाही.

मी सिव्हिअरला तीव्र, सीरियसला गंभीर आणि अक्यूटला 'अचानक सुरू झालेला' ठरवून टाकलंय, आणि अख्ख्या फाइलीत ते हलवत नाही. शाळेत निबंधात एकच शब्द पुन्हा आला की बाई लाल रेघ मारायच्या. ती सवय इथे सोडा. क्रॉनिकला परिभाषा कोशात 'चिरकारी' आहे. शब्द चांगला, पण ओपीडीच्या बाकावर बसलेल्या माणसाला 'जुनाट' कळतं.

ट्रान्सलेशन मेमरीवर, म्हणजे जुने अनुवाद साठवून पुन्हा सुचवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, विसंबणाऱ्यांना माझं काही सांगणं चालत नाही, तरी सांगते. चुकीचं विशेषण मेमरीत गेलं की पुढच्या फाइलीत शंभर टक्के मॅच म्हणून परत येतं. मॅचचे पैसे कमी, म्हणून ते कुणी वाचत नाही. शनिवार-रविवारचे कोर्स विकणाऱ्या मेंटॉरांबद्दल तर न बोललेलं बरं. त्यापेक्षा वॉर्डात आयुष्य काढलेली एखादी सिस्टर गाठा. 'जुलाब तीव्र झाले' याला पेशंट काय म्हणतात, ते ती चहा पिता पिता सांगेल.

सुरुवातीला प्रत्येक ओळीवर शंका येईल. येऊ द्या, हळूहळू वेग येतो. काम देणाऱ्याला क्वेरी, म्हणजे शंका विचारणारा प्रश्न, पाठवली म्हणून काम जात नाही. माझा अनुभव तर उलटा आहे. फक्त 'याचा अर्थ काय?' असं मोघम विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. 'पान ७ वरचं अक्यूट दुखण्याच्या जोराबद्दल आहे की ते कधी सुरू झालं याबद्दल?' असं विचारलंत तर संध्याकाळपर्यंत उत्तर येतं.