चिंचोक्यांचा खेळ : फुकट्यावरचा राग मोजायचा कसा

वर्गणी न देता प्रसादाला पुढे असणाऱ्याचा राग येतो, आणि त्या रागापायी माणूस स्वतःच्या खिशालाही चाट लावून घेतो. अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर या अर्थशास्त्रज्ञांनी हे २००० आणि २००२ साली प्रयोगांतून दाखवलं. तसाच खेळ वर्गात दोन तासांत होतो.

खेळायला २० जण, ४०० चिंचोके, क्रमांक घातलेली पाकिटं आणि हिशेबाला दोन माणसं लागतात. चौघांचा एक गट. कोण कुणाच्या गटात आहे, हे फक्त हिशेबनिसांना ठाऊक. दर फेरीला प्रत्येकाला २० चिंचोके द्या. त्यातले ०, ५, १०, १५ किंवा २० त्याने पाकिटातून सामाईक पेटीत द्यायचे, उरलेले त्याचेच. पेटीतल्या दर ५ चिंचोक्यांमागे चौघांनाही प्रत्येकी २ मिळतात. सगळ्यांनी सगळे घातले, तर प्रत्येकाचे ३२ होतात. एकाने काहीच घातलं नाही, तर त्याचे ४४ आणि बाकीच्यांचे २४. राग इथे पेटतो.

प्रत्येक फेरीनंतर गटातल्या इतरांचे आकडे दाखवा, नावं नाहीत. पहिल्या ६ फेऱ्यांत पेटी बहुधा आटत जाते. सगळे लबाड असतात म्हणून नव्हे. चिडलेल्यांकडे देणं थांबवण्यापलीकडे हत्यारच नसतं.

सातव्या फेरीपासून कपातीची चिठ्ठी द्या : स्वतःचा १ मोडला की समोरच्याचे ३ जातात, एकावर जास्तीत जास्त १० मोडता येतात. ‘दंड’ हा शब्द उच्चारू नका. तो ऐकला की लोक सावध होतात. कपात लिहिण्याआधीच राग १ ते ७ मध्ये नोंदवून घ्या. नंतर विचारलं, तर माणूस केलेल्या कपातीला शोभेल असा आकडा सांगतो.

गट दर फेरीला बदलाच. कंटाळा येतो तो याचाच, पण खेळाचा जीव यात आहे. तेच चौघे राहिले, तर कपात ही पुढच्या फेरीची तरतूद ठरते. गट बदलला की फुकट्या सुधारल्याचा लाभ परक्यांना होतो. तरीही कुणी चिंचोके मोडले, तर त्यामागे स्वार्थ शोधून सापडत नाही.

कधी भरभरून देणाऱ्यावरच कपात होते. १६ शहरांतल्या २००८ च्या अभ्यासात अथेन्स आणि मस्कतमध्ये हे ठळक दिसलं. म्हणून कपात सोसणाऱ्याच्या कागदावर लाज आणि राग असे दोन रकाने ठेवा. लाज वाटलेला पुढच्या फेरीत वाढवून देतो का, आणि अपमान वाटलेला उलट वार करतो का, ते ताडून पाहा.

शेवटी १०० चिंचोक्यांना एक चिक्की द्या. पदरचं काही जात नसेल, तर राग कागदावरच राहतो. कोणता क्रमांक कुणाचा, हे मात्र खेळ संपल्यावरही सांगू नका. उद्या याच मुलांना एका बाकावर बसायचं असतं.