आधी भिंत, मग डबा: कमी पैशात घराला आतून रंग

रंगाच्या दुकानात गेलं की बहुतेक जण आधी लीटरचा भाव विचारतात आणि सगळ्यात कमी भावाचा डबा उचलतात. मी रंगारी आहे. पैसे साठवून, दुसरा एखादा खर्च मागे ढकलून घर रंगवायला काढणाऱ्यांकडेच माझं बरंचसं काम झालं. अशा घरात रंग वर्ष-दीड वर्षात उडायला लागला तर पुन्हा लावायची सोय नसते. म्हणून हिशेब करायचा तो भिंतीचा करा: एक चौरस फूट भिंत नीट झाकायला किती खर्च येतो आणि ती किती वर्षं तशी राहते. हे एकदा मांडलं की कुठं हात आखडायचा आणि कुठं अजिबात आखडायचा नाही, ते समजतं.

दुकानात जायच्या आधी भिंतीवरून तळहात दाबून फिरवा. हाताला पांढरी भुकटी लागली, तर जुना रंग सुटा झालेला आहे. त्यावर कितीही भारी इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळायचा रंग, लावा, ते भुकटीला चिकटतं आणि भुकटीसकट सुटून येतं. जुन्या डिस्टेंपरच्या, म्हणजे खडूच्या स्वस्त रंगाच्या, भिंतीवर हे हमखास होतं. तो थर पत्रीनं, म्हणजे खरवडायच्या पातळ पट्टीनं, खरवडून, ओल्या फडक्यानं पुसून प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, एक हात द्यावाच लागतो. पण हात कोरडा निघाला आणि जुना रंग घट्ट असला, तर सबंध भिंतीला प्रायमर लावून पैसे घालवू नका. जिथं पुट्टी भरली किंवा प्लास्टर उघडं पडलं, तेवढ्याच जागी लावा. पुट्टीचंही तसंच. खड्डे, चिरा, खिळ्यांची भोकं एवढीच भरा. सगळी भिंत आरशासारखी गुळगुळीत करायचा सोस केला, तर रंगाचे पैसे पुट्टीत आणि मजुरीत जातात.

भिंतीवर आधी तेलाचा रंग आहे का, हे स्पिरिटनं कळतं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एका कोपऱ्यात घासा. रंग मऊ होऊन बोळ्याला लागला तर तो पाण्याचा रंग, नाही लागला तर बहुधा तेलाचा. तेलाच्या चकचकीत रंगावर पाण्याचा रंग धरत नाही. पॉलिश पेपरनं घासून त्याची चमक मारावी लागते, मग प्रायमर, मग रंग.

आता ओल. एका घरात कोपऱ्यातला पोपडा मी पत्रीनं उचलला, तर तो जाड पुठ्ठ्याएवढा निघाला. त्याच्या कडेला एकावर एक थर स्पष्ट दिसत होते: पांढरा, फिकट हिरवा, गुलाबी, पुन्हा पांढरा, आणि सगळ्यात आत ओलसर वाळू. पलीकडे न्हाणीघराचा पाइप झिरपत होता. प्रत्येक थर म्हणजे कुणीतरी भरलेले पैसे होते, आणि पाइपाला मात्र कुणी हात लावला नव्हता. ओल कुठून येते याचा अंदाज घरच्या घरी घेता येतो. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवा आणि रात्रभर, जमल्यास दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला धरलं तर खोलीतल्या हवेत दमटपणा जास्त आहे, तिथं खिडकी आणि वारा हाच उपाय. भिंतीतून ओल येत असेल तर सगळं बजेट आधी त्या गळतीवर खर्च करा. एक खोली रंगाविना राहिली तरी चालेल. लोणा लागून पांढरे क्षार फुटले असतील तर ते कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुतले तर विरघळून पुन्हा भिंतीत मुरतात.

नवीन प्लास्टरला निदान चार आठवडे सुकू द्या. ताज्या सिमेंटमध्ये अल्कली जास्त असते, ती रंग जाळते आणि भिंतीवर डाग उठतात.

मग टेप घ्या. समजा खोली १२ बाय १० फूट आणि उंची १० फूट. चार भिंतींची लांबी मिळून ४४ फूट, गुणिले १०, म्हणजे ४४० चौरस फूट. ७ बाय ३ चं एक दार आणि ४ बाय ४ ची एक खिडकी वजा केली की ४०३ उरतात, धरा ४००. छत १२० चौरस फूट, ते वेगळं लिहा. साधारण इमल्शनचा एक लीटर एका हाताला १०० ते १४० चौरस फूट झाकतो. डब्यावर जो मोठा आकडा छापलेला असतो तो गुळगुळीत, प्रायमर मारलेल्या भिंतीचा असतो. ४०० फुटांना दोन हात म्हणजे ८०० फूट. भिंत तहानलेली असेल तर ८ लीटर लागतील, नीट तयार असेल तर ६ लीटरच्या आत काम होईल. दोन लीटरचा हा फरक भिंत पिते. प्रायमर रंगापेक्षा स्वस्त असतो, म्हणून खरवडलेल्या आणि उघड्या भिंतीवर तो लावणं हीच काटकसर आहे.

आता डब्यात काय असतं ते समजून घ्या, म्हणजे विक्रेत्याच्या बोलण्यानं गोंधळ होणार नाही. रंगात चिकटवणारं रेझिन असतं, झाकणारी पांढरी भुकटी म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड असते, भर घालायला खडूची पूड आणि चिनी मातीसारखे पदार्थ असतात, आणि पाणी. महाग असतात ती पहिली दोन. भाव खाली आणायचा तर तीच कमी होतात आणि खडू वाढतो. खडू सुकल्यावर पांढरा दिसतो, कारण त्याच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते. भिजला की तो जवळजवळ पारदर्शक होतो. यावरून एक चाचणी करता येते. पांढऱ्या पुठ्ठ्यावर मार्करनं जाड काळी रेघ ओढा, रेघ पूर्ण वाळू द्या आणि त्यावर रंगाचा एक हात मारा. पूर्ण वाळला की ओलं बोट त्या रेघेवर फिरवा. भिजलेल्या जागी काळी रेघ पुन्हा ठळक वर आली तर त्या रंगात खडूच जास्त आहे. नंतर तिथंच ओल्या फडक्यानं जरा घासा. फडक्याला दुधाळ पाणी सुटलं तर रेझिन कमी आहे. सॅम्पलचा छोटा डबा आणून हे करायला एक दिवस लागतो, पण सबंध घराचे पैसे वाचतात.

हिशेबही करून बघा. अगदी स्वस्त रंग मधल्या दर्जाच्या रंगाच्या दोन तृतीयांश किमतीला मिळतो असं धरू. मधला रंग दोन हातांत झाकतो आणि स्वस्ताला तीन हात लागतात. म्हणजे रंगाचा खर्च बरोबरीला आला, आणि तिसऱ्या हाताची मजुरी वर चढली. शिवाय ती भिंत पुसता येत नाही ती नाहीच.

याचा अर्थ सगळ्यात महागडा डबा घ्या असं मी कुणालाही सांगत नाही. वरच्या दर्जात पैसे जातात ते रेशमी चमक, डाग न धरणं अशा गोष्टींसाठी. चमक तर जुन्या घरात त्रासच देते. उजेड तिरका पडला की पुट्टीचा प्रत्येक ठिगळ आणि भिंतीचा प्रत्येक फुगवटा उठून दिसतो. मॅट, म्हणजे बिनचमकेचं, फिनिश ते झाकतं, आणि भिंत सपाट करायचा खर्चही वाचतो. मधल्या दर्जाचं, धुता येण्याजोगं मॅट किंवा अगदी मंद चमकेचं इमल्शन साध्या घराला पुरेसं असतं.

तेही सगळीकडे लावायची गरज नाही. खोलीत उभं राहून भिंत कुठं मळलीय ते बघा. दिव्याच्या बटणाभोवती बोटांचं काळपट वर्तुळ, पलंगाशेजारी डोकं टेकून झालेला तेलकट पट्टा, खुर्चीच्या पाठीनं ओढलेली आडवी रेघ, लहान मुलाच्या खांद्याएवढ्या उंचीवरच्या खुणा. हे सगळं जमिनीपासून चार-साडेचार फुटांच्या आतच असतं. वरच्या भिंतीला वर्षानुवर्षं कुणाचा हात लागत नाही. म्हणून भिंत आडवी दोन भागांत वाटा. खाली धुता येणारं चांगलं इमल्शन, वर साधं स्वस्त मॅट, छताला तेच किंवा त्याहून साधा पांढरा. दहा फुटी भिंतीत भारी रंग निम्म्याहूनही कमी जागेला लागतो. फक्त दोन्हीकडे तंतोतंत एकच शेड लावू नका. फिनिश वेगळं असल्यानं जोड विचित्र दिसतो. शेड कार्डावर त्याच रांगेतली एक पायरी गडद शेड खाली घ्या आणि चिकटपट्टी लावून रेघ सरळ मारा, म्हणजे मुद्दाम केलेलं छान काम दिसतं. स्वयंपाकघरात ही वाटणी करू नका. तेलकट वाफ वर जाते, तेव्हा तिथं छतापर्यंत धुता येणारा रंगच हवा. आणि भिंतीला टेकलेल्या, न हलणाऱ्या कपाटामागे दुसरा हात नाही दिला तरी चालतो.

खर्च वर जातो की आटोक्यात राहतो, हे शेडवरही अवलंबून असतं, आणि याकडे फार कमी लोक बघतात. फिकट शेड पांढऱ्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात रंगछटा मिसळतात त्या मूळ रंगात, बनतात, त्यात झाकणारी भुकटी भरपूर असते. गडद आणि झगझगीत शेडना वेगळा बेस लागतो, त्यात पांढरी भुकटी फार कमी किंवा नसतेच. म्हणून तांबडा किंवा लख्ख पिवळा रंग दोन हातांत क्वचितच झाकतो. मातीचे रंग मात्र मला फार आवडतात: गेरू, पिवळी माती, विटकरी, तपकिरी छटा असलेला राखाडी. त्यांचा रंग लोहाच्या ऑक्साइडमधून येतो. तो झाकतो चांगला, उन्हानं उडत नाही आणि महागही नसतो. जुन्या शेडच्या जवळपासची शेड घेतली तर एखादा हात वाचतो. गडदावरून फिकटावर जायचं असेल तर आधी पांढरा प्रायमर मारा.

कार्डावरचा इवलासा चौकोन भिंतीवर गेला की जास्त गडद भासतो, तेव्हा मनात भरलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकट घ्या. सॅम्पल भिंतीवर न लावता मोठ्या पुठ्ठ्यावर लावा आणि तो पुठ्ठा खोलीभर फिरवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली बघा.

चुकीची शेड बनली किंवा गिऱ्हाईक घ्यायला आलं नाही, असे डबे बऱ्याच दुकानांत पडून असतात आणि उतरत्या भावात मिळतात. ते जरूर विचारा. आतल्या भिंतीचा रंग आहे ना, उत्पादनाची तारीख किती जुनी आहे, उघडल्यावर कुजका वास येतो का आणि एक सबंध खोली होईल एवढा आहे का, एवढं तपासून घ्या. वास कुजका असेल तर फुकटही घेऊ नका, तो वास भिंतीवरही रेंगाळतो. माझी नेहमीची मांडणी अशी असते: पांढऱ्याचा एकच मोठा डबा सगळ्या छतांना आणि वरच्या भिंतींना, आणि खालच्या पट्ट्यापुरते रंगीत छोटे डबे. मोठा डबा लीटरमागे स्वस्त पडतो. एकाच शेडचे दोन डबे असतील तर ते बादलीत एकत्र करून मगच लावा. दोन डब्यांत थोडा फरक असला तर तो भिंतीच्या मधोमध दिसतो.

रंग कमी पडतोय म्हणून पाणी वाढवायचं नाही, हे मी हात जोडून सांगतो. डब्यावर किती पाणी घालायचं ते लिहिलेलं असतं, तेवढंच घाला. जास्त पाण्यानं रंग पुरला असं वाटतं, पण थर पातळ बसतो आणि पहिल्यांदा पुसतानाच उडतो. दोन हातांच्या मध्ये साधारण चार तास जाऊ द्या. पुरी ताकद यायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर भिंत ओल्या फडक्यानं पुसू नका. रोलर मात्र बरा घ्या. स्वस्त रोलरचे केस रंगात अडकतात, आणि गुळगुळीत भिंतीला लांब केसांचा रोलर नुसता रंग पितो.

घर फार जुनं असेल तर खालच्या थरांत शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका. पाणी शिंपडून खरवडा, तोंडाला मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर बाई काम संपून फरशी ओल्यानं पुसून होईपर्यंत त्या खोलीपासून लांब राहू द्या. नवीन डबा शिसेविरहित आहे ना ते वाचून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केलेली मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी आहे. इथं पैसे वाचवायचे नसतात.

काम झाल्यावर उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवला तर वरची साय धरून वाया जातो. तो झाकणाच्या छोट्या बरणीत काठोकाठ भरा, वर शेडचा नंबर, खोली आणि तारीख लिहा आणि उन्हापासून दूर ठेवा. बटणाभोवतीचा डाग पुसून निघेनासा झाला की याच बरणीतला रंग छोट्या रोलरनं तेवढ्या जागेवर थोपटून लावा. ब्रशनं ओढलात तर ठिगळ दिसेल.