अमेरिकेत हेवी-ड्यूटी पिकअप घेताना पेट्रोल की डिझेल, हे कसे ठरवावे

महाराष्ट्रातून अमेरिकेत जाऊन स्थिरावलेला माणूस मोठी गाडी घ्यायला निघाला की त्याच्या मनात एक जुना हिशेब तयार असतो: डिझेल स्वस्त, म्हणून जास्त पळणारी गाडी डिझेलची घ्यावी. भारतात हा हिशेब बराच काळ खरा होता. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत झाले नाहीत, आणि त्या काळात दोन्हींच्या दरांतील तफावत चांगलीच जाणवत असे. अमेरिकेत तोच हिशेब उलटा होतो. तेथील केंद्रीय कर पेट्रोलवर गॅलनमागे १८.४ सेंट आहे, तर डिझेलवर २४.४ सेंट, आणि बहुतेक काळ पंपावरही डिझेलच महाग असते. त्यामुळे इंधनाच्या दरापासून विचार सुरू करणे हीच पहिली चूक ठरते.

हा लेख फोर्ड एफ-२५० व एफ-३५०, रॅम २५०० व ३५००, आणि शेव्हरले व जीएमसी यांच्या २५०० व ३५०० या वर्गातील पिकअपसाठी आहे. तेथे पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात. आपल्याकडे ‘गॅसवरची गाडी’ म्हटले की सीएनजीची टाकी आठवते, म्हणून येथे सर्वत्र पेट्रोल हाच शब्द ठेवला आहे.

पायरी १: ओझ्याचे मैल वेगळे काढा

एका कागदावर दोन आकडे लिहावेत. वर्षाला एकूण किती मैल गाडी चालेल हा पहिला, आणि त्यांपैकी किती मैल मागे जड ट्रेलर असेल हा दुसरा. घराच्या आकाराचा प्रवासी ट्रेलर, घोड्यांचा ट्रेलर किंवा लहान एक्सकॅव्हेटर लादलेला ट्रेलर ओढला जाणार असेल, तर तो भरलेला असताना त्याचे वजन किती होईल तेही लिहावे. कारखान्यातून निघतानाचे रिकामे वजन येथे उपयोगाचे नाही. पाणी, सामान आणि अवजारे भरल्यावर त्यात सहज हजार पौंडांची भर पडते. शंका असल्यास महामार्गालगतच्या ट्रक स्टॉपवरील वजनकाट्यावर थोडे डॉलर देऊन ट्रेलर तोलून घ्यावा.

बहुतेक लोकांचा दुसरा आकडा त्यांच्या अपेक्षेपेक्षा फारच लहान निघतो. उन्हाळ्यात चार सहली आणि एखादे सामानाचे स्थलांतर, एवढ्यावर डिझेल इंजिनाची गरज सिद्ध होत नाही.

पायरी २: चालकाच्या दाराची चौकट वाचा

चालकाचे दार उघडल्यावर चौकटीवर एक लेबल दिसते. प्रवासी आणि सामान मिळून किती पौंडांपेक्षा जास्त वजन गाडीत ठेवू नये, हे त्यावर छापलेले असते. जाहिरातीतील ओढण्याच्या क्षमतेचा आकडा त्या मॉडेलच्या सर्वांत अनुकूल रचनेचा असतो. हा आकडा मात्र समोर उभ्या असलेल्या त्याच गाडीचा असतो.

इथेच डिझेलची एक अडचण उघड होते, आणि विक्रेता ती आपण होऊन क्वचितच सांगतो. डिझेल इंजिन व त्याची जोडसामग्री पेट्रोलच्या मानाने कित्येक शे पौंडांनी जड असते, आणि ते जास्तीचे वजन गाडीच्या वहनक्षमतेतून वजा होते. २५०० वर्गातील काही गाड्यांचे एकूण अनुज्ञेय वजन (गाडी, माणसे आणि सामान मिळून) १०,००० पौंडांवरच रोखलेले असते, तेथे हा फरक चांगलाच भोवतो. उदाहरणार्थ, १२,००० पौंडांचा ट्रेलर हिचवर (गाडीच्या मागच्या जोडणीवर) साधारण १२ टक्के, म्हणजे १,४४० पौंड भार टाकतो. चार माणसांचे ६५० पौंड, सामानाचे २०० आणि हिचचे ५० धरले तर बेरीज २,३४० होते. तीच गाडी पेट्रोल इंजिनासह हा भार पेलेल, पण डिझेल आवृत्तीचे लेबल २,१०० म्हणत असेल तर ती पेलणार नाही, मग तिचा टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, कितीही असो. फिफ्थ व्हील ट्रेलर (पिकअपच्या मागच्या हौद्यात जोडला जाणारा) तर आपल्या वजनाचा २० टक्क्यांच्या आसपास भार गाडीवर टाकतो. अशा वेळी डिझेल हवेच असेल तर ३५०० वर्गाकडे जावे.

पायरी ३: रस्ता किती उंचावर जातो ते पाहा

ताकदीचा खरा फरक चढावर कळतो, म्हणून या पायरीला वेळ द्यावा. फोर्डचे ७.३ लिटरचे पेट्रोल इंजिन ४३० अश्वशक्ती आणि ४८५ पौंड-फूट टॉर्क देते, पण तो टॉर्क मिळवण्यासाठी त्याला मिनिटाला सुमारे ४,००० फेरे घ्यावे लागतात. रॅमच्या २०२५ च्या मॉडेलमधील ६.७ लिटरचे कमिन्स डिझेल इंजिन अश्वशक्तीतही ४३० वरच आहे, मात्र त्याचा टॉर्क १,०७५ पौंड-फूट आहे आणि तो १,८०० फेऱ्यांवरच मिळतो. कागदावर अश्वशक्ती सारखी दिसली तरी घाटात पेट्रोलची गाडी गिअर खाली घेऊन ओरडत चढते, आणि डिझेलची गाडी त्याच चढावर फारसा आवाज न करता वेग धरून राहते. ओरडत चढल्याने इंजिन बिघडते असे नाही. ते त्यासाठीच बनवलेले असते. चार तास तो आवाज ऐकत बसायचे की नाही, हा प्रश्न चालकाच्या सहनशक्तीचा आहे.

उंचीचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. या वर्गातील पेट्रोल इंजिनांना टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा, नसतो. ती बाहेरच्या हवेच्या दाबावरच श्वास घेतात, आणि दर हजार फुटांमागे त्यांची ताकद सुमारे ३ टक्क्यांनी घटते. कोलोरॅडोत डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने पश्चिमेला निघाले की आयझेनहॉवर बोगदा लागतो. तो ११ हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. म्हणजे तेथे ४३० पैकी जेमतेम २९० अश्वशक्ती उरते, तीही नेमकी चढ सर्वांत कठीण असताना. डिझेलचा टर्बो विरळ हवा दाबून आत भरत असल्यामुळे त्याची घट पुष्कळच कमी होते.

उतारावरही डिझेलची बाजू वरचढ आहे. टर्बोची पाती मिटवून धुराच्या वाटेवर दाब निर्माण करणारा एक्झॉस्ट ब्रेक या इंजिनांना असतो. मागे सहा टन घेऊन लांब घाट उतरताना पायाखालचा ब्रेक तापून निकामी होण्याची धास्ती त्यामुळे बरीच कमी होते. ज्यांचा ट्रेलर नियमितपणे रॉकी पर्वत ओलांडतो, त्यांनी माझ्या मते केवळ या एका सोयीसाठीही डिझेल घ्यावे. टेक्सास, इलिनॉय किंवा फ्लोरिडाच्या सपाटीवर दहा हजार पौंडांपर्यंत ओढणाऱ्याला मात्र पेट्रोल पुरेसे आहे.

पायरी ४: आता पैशांचे गणित मांडा

नव्या गाडीत डिझेल इंजिनासाठी साधारण दहा हजार डॉलरच्या आसपास जास्त मोजावे लागतात. मॉडेलनुसार ही रक्कम कमीजास्त होते. ८,५०० पौंडांपेक्षा अधिक अनुज्ञेय वजनाच्या पिकअपवर सरकारी मायलेजचे लेबल लावण्याचे बंधन नाही, म्हणून मायलेजचा आकडा आपणच सावधपणे धरावा. खालचे दर आणि मायलेज केवळ पद्धत दाखवण्यासाठी आहेत, आपल्या गावचे दर घालून हिशेब पुन्हा करावा.

समजा पेट्रोल गॅलनला ३.२० डॉलर आणि डिझेल ३.८० डॉलर आहे. रिकामी पेट्रोल गाडी गॅलनला १४ मैल देते, ओझ्यासह ८. डिझेल अनुक्रमे १८ आणि ११. वर्षाच्या १२,००० मैलांपैकी ३,००० मैल ओझ्याचे असतील, तर पेट्रोलला सुमारे ३,२५७ डॉलर लागतात आणि डिझेलला २,९३६. म्हणजे वर्षाला ३२१ डॉलरची बचत. यातून डिझेलचा धूर स्वच्छ करण्यासाठी लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाचा आणि महाग देखभालीचा खर्च न वजा करताही दहा हजार डॉलर वसूल व्हायला ३१ वर्षे लागतील. याउलट वर्षाला २०,००० मैल, सगळे ओझ्यासह, अशी गाडी चालवणाऱ्याची बचत हजार डॉलरच्या वर जाते आणि वसुली नऊ-दहा वर्षांवर येते. जुनी डिझेल पिकअप विकताना जास्तीच्या किमतीचा काही भाग परत मिळतो, हे जमेस धरावे. पण केवळ इंधनाच्या बचतीसाठी डिझेल घेणाऱ्याची सहसा निराशाच होते.

पायरी ५: गाडी रोज काय करणार, हे प्रामाणिकपणे लिहा

२००७ नंतरच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती भरली की गाडी स्वतःच तिचे तापमान वाढवून काजळी जाळते, आणि त्यासाठी सलग काही काळ महामार्गाच्या वेगाने चालणे हवे असते. मुलांना शाळेत सोडून दोन मैलांवरच्या दुकानातून परत येणारी गाडी कधी पुरती तापतच नाही. जाळण्याचे काम अर्धवट राहते, गाळणी तुंबते आणि दुरुस्तीचे बिल हजारांत जाते. ही गाळणी काढून टाकण्याची ‘सोय’ सुचवणारे भेटतील. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार ते बेकायदेशीर आहे.

याशिवाय युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरत राहावे लागते. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि उरलेले शुद्ध पाणी असते, आणि ते उणे ११ अंश सेल्सिअसला गोठते. गाडीत ते वितळवण्याची सोय असते, पण गॅरेजमध्ये ठेवलेला डबा मिनेसोटाच्या हिवाळ्यात दगड होतो. तशा थंडीत डिझेलमधील मेणही साखळते, म्हणून हिवाळी मिश्रणाचे डिझेल आणि इंजिन तापवणारा ब्लॉक हीटर लागतो.

देखभालीत तेल हा ठळक फरक आहे: फोर्डच्या ७.३ लिटर पेट्रोल इंजिनात ८ क्वार्ट (एक क्वार्ट म्हणजे पाव गॅलन) तेल मावते, ६.७ लिटर डिझेलमध्ये १३. डिझेलच्या गाळण्याही वेगळ्या बदलाव्या लागतात.

पायरी ६: निवड झाल्यावर उरलेल्या दोन गोष्टी

पेट्रोल ठरले तर मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याचे किती फेरे होतात ते, विचारावे. ओढण्यासाठी ४.१० किंवा ४.३० चे गुणोत्तर मिळत असेल तर ते घ्यावे, कारण टॉर्कची उणीव तेथेच काही अंशी भरून निघते आणि त्यासाठी लागणारे पैसे डिझेलच्या तुलनेत किरकोळ असतात.

डिझेल ठरले तर घरातील प्रत्येक चालकाला पंपावर नेऊन नोझल दाखवावे. अमेरिकेत डिझेलच्या नोझलची मूठ सहसा हिरवी असते, पण काही पंपांवर पेट्रोलचीही हिरवीच असते, म्हणून रंग न पाहता पाटी वाचण्याची सवय लावावी. डिझेलच्या टाकीत पेट्रोल गेले तर इंजिन सुरू न करता, किल्लीही न फिरवता, गाडी तशीच ओढून न्यावी. इंजिनाला इंधन पुरवणाऱ्या उच्च दाबाच्या पंपाला वंगण मिळते ते डिझेलचेच. पेट्रोलवर तो सुकतो, झिजतो आणि त्याचा कीस थेट इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत पोचतो.