उंदराच्या एनके (नैसर्गिक मारक) पेशी रंगवताना

प्लीहा गाळणीवर चोळून पेशी सुट्या करा, तांबड्या पेशी फोडा. दर नळीत १० लाख पेशी, १०० मायक्रोलिटर थंड बफरमध्ये (२% सीरम, पेशींच्या गुठळ्या टाळायला २ मिलिमोलर ईडीटीए). आधी २.४जी२ (पेशींवरचे एफसी ग्राही झाकणारं प्रतिपिंड) घालून १० मिनिटं बर्फावर ठेवा. ही पायरी गाळली की एफसी ग्राही रंगीत प्रतिपिंडाची शेपटी धरतात आणि बी पेशीही उजळतात. मग सीडी३ (टी पेशींची खूण) व एनके१.१ (एनके पेशींची खूण) यांची रंगीत प्रतिपिंडं, अंधारात ३० मिनिटं, ४ अंशांवर. दोनदा धुवा: अपकेंद्रित्रात ३०० जी, ५ मिनिटं. मृत पेशी वगळायला शेवटी ७-एएडी (मृत पेशींत शिरणारा रंग).

बाल्ब/सी उंदरात मात्र पीके१३६ने (एनके१.१च्या प्रतिपिंडाने) काहीच दिसत नाही. कुपी फेकू नका! या वाणात एनके१.१ प्रथिनाचं रूपच वेगळं, म्हणून प्रतिपिंड चिकटत नाही. तिथे डीएक्स५ (एनके पेशींच्या दुसऱ्या खुणेचं प्रतिपिंड) वापरा. आणि पीके१३६ची कुपी तपासायचीच असेल तर सी५७ब्लॅक/६ वाणाच्या पेशींवर.